शालूसाठी ड्यूटी चार्ट

६ जानेवारी १९८७, मंगळवार. संध्याकाळी ६.१०
यूनियनची डायरी मिळाली. पहिली पाच पानं कोरी गेली, हरकत नाही.
यंदाचा संकल्प एकच. शालूला मित्र मिळवून देणे. मुदत मार्चअखेर. त्याआधीच होईल, पण हाताशी थोडा वेळ ठेवलेला बरा.
शालू माझी मुलगी. आठ वर्षांची. डाउन सिंड्रोम. जन्मली तेव्हा डॉक्टरांनी कागदावर वेगळाच शब्द लिहिला होता. तो मी इथे लिहिणार नाही. शाळेने घेतलं नाही, म्हणून दिवसभर घरी.
आज ऑफिसमधून आलो तेव्हा ती गेटला धरून उभी. कॉलनीतल्या आमच्या स्ट्रीटवर पोरांचं क्रिकेट चाललेलं. कोणी आउट झालं की ही टाळ्या वाजवे. कोणीही आउट झालं तरी. बॉल गेटाशी आला, तो तिने उचलून पोटाशी धरला. खेळणाऱ्या पोरांतल्या विजयकुमारने येऊन ओढून नेला. ही त्याच्याकडे बघून हसत होती.
मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून काम होत नाही, सिस्टिम लागते. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये एकोणीस वर्षं आहे. चारशे माणसांची शिफ्ट लावतो. स्ट्रीटवरची सात पोरं मला काय जड?
अन्नपूर्णाला सांगितलं. ती म्हणाली, शेजारची तारा तर रोजच येते खेळाले, तुमाले दिसत नाही काय. तारा म्हणजे रेल्वेतल्या बळीरामभाऊंची मुलगी. दिसते मला. पण ते मोजण्यात धरता येत नाही. दोघी पायरीवर बसतात, विटकरीच्या तुकड्यांचा बाजार मांडतात, हसतात, वेळेचं भान नाही. त्यात प्रगती कुठे आहे?

८ जानेवारी, गुरुवार
लायब्ररीतून इंग्रजी पुस्तक आणलं. चार पानं वाचली. मुद्दा लक्षात आला. मुलं अज्ञानामुळे लांब राहतात. अज्ञान गेलं की मैत्री आलीच. रविवारी लेक्चर.

११ जानेवारी, रविवार. दुपारी १२.३०
लेक्चर उत्तम झालं.
हजर सात मुलं, अधिक शालू. व्हरांड्यात फळा टांगला. एका बाजूला ४६ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ४७. आपल्या प्रत्येकाच्या आत सेहेचाळीस गुणसूत्रं असतात, शालूच्या आत सत्तेचाळीस, हे सव्वा तास समजावलं. शालू पहिल्या रांगेत. तिचं नाव आलं की ती टाळ्या वाजवे. शेवटी उठून तिने ४७ तळहाताने पुसून टाकलं आणि सगळ्यांकडे बघून कंबर वाकवून नमस्कार केला. पोरं हसली. शिस्तीत हसायला हवी होती.
प्रश्नोत्तरं झाली. विजयकुमारने विचारलं, अंकल, उसके पास एक एक्स्ट्रा है तो वो हमसे जीतती क्यूँ नहीं. चांगला प्रश्न. वेळ नव्हता. ललिताने विचारलं, हाथ लगाने से चिपकता है क्या. मी पेशीपासून सुरुवात करून नीट उत्तर दिलं. उत्तर ‘नाही’ असंच होतं, पण तिथे पोहोचेपर्यंत ललिता बिस्किट घेऊन गेली होती.
जाताना तारा बाकीच्यांना म्हणाली, शालू हळू आहे, तिच्यासाठी थोडं थांबा लागते, मग ते बरोबर येते. पोरं हो म्हणाली. हे काही शास्त्रीय नाही. पण लहान आहे, सोडून दिलं.

१३ जानेवारी, मंगळवार
लंचमध्ये भय्याजी जवळ आले. विजयकुमारचे वडील, माझ्याच ऑफिसात. विचारू लागले की ते सत्तेचाळीस जे काय आहे ते रक्तात असते काय, आणि एका गिलासानं पाणी पेलं तर चालते काय, मिसेस विचारून राहिली. विजयकुमारने घरी जाऊन सत्तेचाळीस किडे आहेत असं सांगितलेलं दिसतं.
मी पुन्हा सगळं समजावलं. भय्याजी म्हणाले, समजलं, समजलं. मग टिफिन उचलून पलीकडच्या टेबलावर गेले. तिकडे पंखा आहे. जानेवारीत पंखा कशाला हवा ते कळलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार
काल संक्रांत. अन्नपूर्णाने तिळाचे लाडू केले. शालूने नवीन फ्रॉक घालून, स्ट्रीटवर फिरून, एकेकाच्या हातात स्वतः लाडू दिला. ‘गोड बोला’ तिला नीट म्हणता येत नाही, पण म्हणाली. मी मागे उभा होतो. सगळ्यांनी घेतले. ऊर भरून आला.
आज सकाळी नालीच्या कठड्यावर पाच लाडू ओळीने ठेवलेले दिसले. मुंग्या लागल्या होत्या. हल्लीच्या मुलांना गोड आवडत नसावं.
शालू यायच्या आधी मी ते उचलून टाकले. तिने पाहिलं नाही. बहुतेक नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
विचार केला. लेक्चर ही फक्त तयारी होती. माणूस समजून घेऊन काम करत नाही, नेमून दिलं की करतो. भट्टी कोणाला आवडते म्हणून पेटत राहते काय? शिफ्ट लावलेली असते म्हणून पेटत राहते.
शालूशी खेळायची शिफ्ट लावायची. हे आधीच सुचायला हवं होतं. पण इतरांना तर अजूनही सुचलेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार
सुपेल्याच्या बाजारातून चार्ट पेपर, हजेरीचं रजिस्टर आणि चॉकलेटच्या गोळ्यांचं मोठं पाकीट आणलं.
चार्ट तयार. ए शिफ्ट ५.०० ते ५.४५. बी शिफ्ट ५.४५ ते ६.३०. सहा मुलं आळीपाळीने. आल्यावर सही, जाताना सही, मग गोळी. पूर्ण शिफ्ट भरल्याशिवाय गोळी नाही.
रिलीव्हर: तारा. कोणी आलं नाही तर त्याच्या जागी ती. भिंतीला भिंत लागून घर, केव्हाही हाक मारली तरी येते, आणि तिला आवडतंच. अन्नपूर्णा म्हणाली, तिचं नाव कावून लिहिता, ते तर बिना लिहिल्याचीच येते. बायकांना ही गोष्ट समजावणं कठीण. जे लिहिलेलं नाही ते आज आहे, उद्या नाही.
चार्ट व्हरांड्यात लावला. अक्षर सुरेख आलं आहे.

२० जानेवारी, मंगळवार. ६.४०
योजना सुरू. पहिला दिवस शंभर टक्के.
ए शिफ्टला विजयकुमार बरोबर पाचला हजर. भय्याजींना मी ऑफिसात शब्द टाकला होता, त्यांच्या रजेचं एक प्रकरण माझ्या टेबलावर आहे. विजयकुमार पायरीच्या या टोकाला बसला, शालू त्या टोकाला. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. तो आतल्या घड्याळाकडे बघत होता. शालू त्याच्याकडे. तिने एक विटकरीचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. त्याने पायाने परत सरकवला. याला खेळच म्हणायला हवं. ५.४५ ला सही, गोळी.
डायरी वाचताना असं वाटतं की मी हे दहा वर्षांपूर्वी सुरू करायला हवं होतं. पण तेव्हा शालू नव्हती.

२३ जानेवारी, शुक्रवार
ललिताने अरुणकुमारची सही केली. दोन गोळ्या घेतल्या. इतक्या लहान वयात प्रॉक्सी. ऑफिसात एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला फसवायला निघाली. दोघांची एक-एक शिफ्ट कापली. ती ऐकून नाचत घरी गेली. शिक्षा समजण्याचं वय नाही.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन झालं. मुलांनी विचारलं, आज छुट्टी है तो इधर भी छुट्टी है ना. नियमाने खरं होतं. मंजूर केली. आवश्यक सेवा म्हणून ताराला बोलावलं.
तारा आली. दोघींनी शालूच्या जुन्या ओढणीचा झेंडा केला, बादलीवर चढून फडकवला, शालूने सॅल्यूट ठोकला, पडली, दोघी हसत सुटल्या. मग शालूने ताराला आपल्यामागे परेड करायला लावलं. शालू ओरडून हुकूम देत होती. मला तर हुकूम समजत नव्हते, ताराला समजत होते. एक तास चाळीस मिनिटं चाललं.
ताराला सही करायला सांगितली. शिफ्ट पंचेचाळीस मिनिटांची आहे, जास्तीचं मंजूर होणार नाही, हेही स्पष्ट केलं. म्हणजे पुढे गैरसमज नको. तिने पेन हातात घेतलं. म्हणाली, काकाजी, आमी तर खेळून राहिलो होतो. तरी सही केली. गोळी घेतली नाही, विसरली असेल.

३१ जानेवारी, शनिवार
मासिक आढावा. हजेरी ब्याण्णव टक्के. आमच्या ऑफिसात एवढी नाही.
किरकोळ अडचण एक. पाच वाजले की शालू आत जाते आणि पलंगाखाली शिरते. विजयकुमारची शिफ्ट असली तर दुपारी चारपासूनच. काल तिला पाय धरून बाहेर काढावं लागलं. अन्नपूर्णा म्हणाली, लेकराले नाही पाह्यजे तुमची ड्यूटी, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. सुरुवातीला लाजणारच. नवीन मशीनही आधी आवाज करते.

५ फेब्रुवारी, गुरुवार
गेल्या चौदा शिफ्टांपैकी दहा रिलीव्हरने केल्या. मुलांना कळलं आहे की आपण नाही गेलं तरी चालतं. विजयकुमारला विचारलं तर म्हणाला, तारा है ना.
हे वाईट नाही. काम थांबत नाही, एवढं खरं. तारा तिथे असतेच म्हणून शालूचं नाक पुसणं, हातपाय धुणं, वेणी, हेही तिच्याकडे दिलं. मुकाट करते. पूर्वीसारखी बडबड करत नाही. जबाबदारी आली की माणूस गंभीर होतो.
पोरं तिला ‘शालू की आया’ म्हणतात असं अन्नपूर्णाने सांगितलं. मत्सर, दुसरं काय. उपाय म्हणून पुठ्ठ्याचा बिल्ला केला, त्यावर लाल शाईने ‘इन्चार्ज’. ताराच्या फ्रॉकला मी स्वतः लावला. आपण असले भेद पाळत नाही. कोणाचीही मुलगी असो, लायकी असेल तर पद देतो.

७ फेब्रुवारी, शनिवार
आज तारा आली नाही. काही निरोप नाही. शालू सहा वाजेपर्यंत गेटाशी. तिला आत आणताना तिने माझ्या हाताला नखं मारली.
असं चालणार नाही. एक नियम सगळ्यांना. कागदावर लिहिलं: ‘कु. तारा हिस, विनासूचना गैरहजर राहिल्याबद्दल कारणे दाखवा.’ खाली सही, तारीख. शेजारी नेऊन दिलं. दार सिंधुताईंनी उघडलं, ताराच्या आई. कागद वाचला आणि घडी करून आत नेला. त्यांना पटलेलं दिसलं.

९ फेब्रुवारी, सोमवार. ७.००
सिंधुताई आल्या. हातात कागद आणि बिल्ला. बसा म्हटलं, बसल्या नाहीत.
जे बोलल्या ते आठवेल तेवढं लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल. म्हणाल्या, भाऊजी, तारा शालूसंग खेळे ते तिच्या मनानं खेळे. आमी कधी तिले जा म्हटलं नाही, कधी नको जाऊ म्हटलं नाही. तुमी तिले कामावर लावलं. माझ्या सासूनं लोकाच्या घरचे लेकरं धुतले, नाक पुसले, अन् तिले ओट्याच्या खाली बसून जेवा लागे. म्हणूनच आमी गाव सोडलं, इथं आलो. माझी पोरगी कोणाच्या घरची आया नाही.
मी म्हटलं, गैरसमज होतो आहे, आपण भेद मानत नाही, तुमच्या घरी मी चहासुद्धा घेतलेला आहे. त्या म्हणाल्या, हो, एकदा, अर्धा कप ठेवून. मला त्या वेळी अ‍ॅसिडिटी होती. ते सांगितलं. त्यांनी कागद आणि बिल्ला टेबलावर ठेवला आणि गेल्या.
अन्नपूर्णाने टेबलावरचा बिल्ला उचलून पाहिला. मग म्हणाली, एकच होती.
मी म्हटलं, सहा अजून चार्टवर आहेत.

१४ फेब्रुवारी, शनिवार
सोमवार: कोणी नाही. मंगळवार: कोणी नाही. बुधवार: अरुणकुमार आला, सही केली, गोळी मागितली, आधी शिफ्ट म्हटलं तर निघून गेला. गुरुवार: कोणी नाही. शुक्रवार: भय्याजींची रजा वरून मंजूर होऊन आली, तेव्हापासून विजयकुमार स्ट्रीटच्या पलीकडच्या टोकाला खेळतो. शनिवार: कोणी नाही.
गोळ्या दोन केल्या, तीन केल्या. पोरं म्हणाली, अंकल, सुपेला में मिल जाती है.
शालू पाच वाजता आता पलंगाखाली जात नाही. पायरीवर बसते. शेजारच्या दाराचा आवाज झाला की उठते.

२२ फेब्रुवारी, रविवार
योजना तहकूब केली. मुलांना जमवून जाहीर केलं की आता ड्यूटी नाही, सही नाही, ज्याला यायचं त्याने मोकळेपणाने यावं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शालूनेही वाजवल्या, टाळ्या ऐकल्या की ती वाजवते. मग सगळी खेळायला गेली आणि ती व्हरांड्यात एकटीच वाजवत राहिली. मी तिचे हात धरले.
चार्ट काढला. भिंतीचा रंग त्याबरोबर निघाला.

१ मार्च, रविवार. सकाळी ११
ठरवलं. मोठेपणा मोठ्या माणसानेच दाखवायचा असतो. बळीरामभाऊंकडे गेलो. ते ड्यूटीवरून येऊन बसले होते. चहा आला. सगळा प्यायलो, बशीत सांडलेलाही. सिंधुताईंनी पाहिलं.
मी म्हटलं, चुकलं. हा शब्द मी एकोणीस वर्षांत कोणापुढे काढलेला नाही. बळीरामभाऊंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, तुमी वाईट माणूस नाही, पण तुमाले माणूस दिसतच नाही, नुसतं हजर का गैरहजर तेवढं दिसते. सिंधुताई म्हणाल्या, मी ताराले अडवणार नाही. तिच्या मनात आलं तर येईल, नाही तर नाही. शालूवर आमचा काही राग नाही, ते लेकरू आहे.
म्हणजे मार्ग मोकळा झाला. मुदतीला अजून महिना आहे. हलकं वाटलं. आज संध्याकाळी तारा येणार, माझं मन सांगतं. शालूला नवीन फ्रॉक घालायला सांगितला आहे.

१ मार्च, रविवार. ६.५०
आली नाही. परीक्षा जवळ आली आहे.

४ मार्च, बुधवार. ६.३०
तारा आली. म्हणजे गेटाशी आली. दुकानातून तेल घेऊन घरी चालली होती, मी हाक मारली म्हणून थांबली.
तिचा आवाज ऐकून शालू आतून पळत आली, उंबऱ्याला अडखळली, उठली, हसत हात पुढे करून उभी राहिली. महिन्याभराने तिला तसं हसताना पाहिलं.
ताराने तिचा हात धरला. मग मला विचारलं, काकाजी, ड्यूटी तर बंद झाली ना? मी म्हटलं, हो बेटा, पूर्ण बंद, आता काहीच नाही, ये तू, खेळ. ती म्हणाली, मग कावून येऊ?
रागाने म्हणाली नाही. का यायचं, ते खरोखरच विचारत होती. नऊ वर्षांची पोर, माझ्या तोंडाकडे बघून उत्तराची वाट बघत उभी. जानेवारीपर्यंत तिला हा प्रश्न पडला नव्हता. रोज येत होती. शालूकडे यायला कारण लागतं, हे तिला कोणी शिकवलं असेल तर मी. बाकी लेक्चर वाया गेलं, तेवढं एक तिने नीट शिकून घेतलं.
मी म्हटलं, तुझी मैत्रीण आहे ना. ती म्हणाली, हो. मग म्हणाली, आई वाट पाहून राहिली. शालूची बोटं एकेक करून सोडवली आणि गेली. हळू सोडवली, दुखू नये अशी.
मी पायरीवर शालूच्या शेजारी बसलो. आठ वर्षांत असा कधी बसलो नव्हतो. म्हटलं, चल, मी खेळतो, काय खेळायचं सांग. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कोपराने मला ढकललं आणि म्हणाली, बाबा नाही.
मी थोडा बाजूला सरकलो. ती अजून तिथेच बसली आहे, गेटाकडे तोंड करून.